बारा फुटांच्या वाटेचं काय झालं

लोकअदालतीत एकदा सही केली की अपील नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम २१ मधली ही तरतूद कळली तेव्हा प्रश्न पडला, पिढ्यान्‌पिढ्या भांडणारी माणसं अशा सहीला राजी कशी होतात? म्हणून तालुक्याच्या कोर्टात जाऊन बसले.

पॅनेलवर निवृत्त न्यायाधीश, एक वकील आणि एक समाजसेविका. बँकांची थकबाकी, न वटलेले चेक, सगळं भराभर निघत होतं. मग दोन चुलतभाऊ उभे राहिले. वाद ऊस बाहेर काढायच्या वाटेचा. थोरल्याला १२ फूट हवी होती. धाकटा म्हणे, "बैलगाडीची वाट सहा फूट होती. तेवढीच देईन."

"मधले नऊ घ्या," वकील म्हणाले. पण नऊ फुटांत ट्रॉली वळत नाही आणि धाकट्याचं रानही वाचत नाही. समाजसेविका बाईंनी नऊ बाजूला ठेवले, कोऱ्या कागदावर बांध, विहीर, वळण काढलं.

"दादा, १२ फूट कधी लागते?"

"तोडीला."

"एरवी?"

"एरवी मोटारसायकल जाते."

मग धाकट्याकडे वळल्या, "तुम्हाला भीती कशाची?"

"आज वाट, उद्या सातबाऱ्यावर नाव."

गाठ इथं होती. १२ फूट ठरली, पण फक्त तोडीपुरती. एरवी सहा. उरलेल्या पट्टीत धाकट्यानं कडवळ करायचं, दसऱ्याच्या आत कापायचं. तोडीनंतर दबलेली जमीन थोरल्यानं नांगरून द्यायची. मालकी धाकट्याचीच, हे तडजोडपत्राचं पहिलं कलम. दोघांनी सह्या केल्या.

दुपारी त्याच टेबलावर अपघाताच्या भरपाईचा दावा आला. एकीकडे विमा कंपनीचा अधिकारी, दुसरीकडे विधवा बाई, मुलाच्या फीची तारीख तोंडावर. कंपनीला थांबणं परवडत होतं, तिला नव्हतं. समाजसेविकेनं तिला विचारलं, "ताई, नको म्हणालात तर दावा कोर्टात पुढे चालतो, हे सांगितलंय ना कुणी?" तिनं आपल्या वकिलाकडे पाहिलं. कुणीच सांगितलं नव्हतं.

लोकअदालत झाली की किती प्रकरणं निकाली निघाली, तेवढंच छापून येतं. मला वाटतं, जिला नाही म्हणता येतं हेच ठाऊक नाही, तिच्या होकाराला तडजोड म्हणू नये. समाजसेविकेचा तो प्रश्न प्रत्येक टेबलावर, सहीच्या आधी विचारला जायला हवा. निकाली प्रकरणांचा आकडा त्यानं घटला तर खुशाल घटू दे.