एड्सचा विषाणू कोणत्या पेशीत शिरतो?

आमच्या कोन फाट्यावरून वाहनांची ये-जा अहोरात्र चालू असते. त्यामुळे माझ्या दवाखान्यात गावकऱ्यांबरोबर ट्रकचालक, गॅरेजवाले, हॉटेलातील कामगारही येतात. एड्सचा विषय निघाला की सर्वांचे प्रश्न तेच असतात. डास चावला तर? एका ताटात जेवलो तर? बाधिताचे कपडे धुतले तर? एखाद्या घरात रुग्ण निघाला की त्याचे ताट-अंथरूण वेगळे होते, पोटच्या मुलालाही जवळ घेऊ देत नाहीत. म्हणून हा विषाणू शरीरातील नेमक्या कोणत्या पेशींत शिरतो, हे आज पाहू.

कोणताही विषाणू स्वतःच्या बळावर वाढत नाही. जिवंत पेशीत शिरून, तिच्याकडूनच तो आपली पिलावळ तयार करून घेतो. एच.आय.व्ही.ला आत शिरण्यासाठी पेशीच्या दारावरची दोन कुलपे उघडावी लागतात. पहिले कुलूप म्हणजे सी.डी.४ नावाचे प्रथिन. ते १९८४ मध्ये ओळखले गेले. दुसरे कुलूप सी.सी.आर.५ किंवा सी.एक्स.सी.आर.४ या प्रथिनांचे. त्याचा शोध १९९६ मध्ये लागला. ज्या पेशीवर ही कुलपे नाहीत, तिचे दार या विषाणूला सहसा सापडतच नाही.

अशी कुलपे प्रामुख्याने मदतनीस टी-पेशींवर असतात. या पांढऱ्या पेशी म्हणजे आपल्या रोगप्रतिकारक सैन्याचे सेनापती. निरोगी माणसात त्यांची संख्या रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये साधारण ५०० ते १५०० असते. ती २०० च्या खाली गेली की एड्सची अवस्था मानतात. या पेशींचा मोठा साठा आतड्याच्या अस्तरात असतो आणि लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच त्याची मोठी हानी होते.

दुसऱ्या आहेत भक्षक पेशी. या जंतूंना गिळतात. क्षयाच्या जंतूला कोंडून ठेवण्याचे काम त्या मदतनीस पेशींच्या हुकमाने करतात. विषाणू दोघींवरही घाला घालतो, म्हणून आपल्याकडे एच.आय.व्ही. आणि क्षय ही जोडी वारंवार दिसते. मेंदूतही याच जातीच्या पेशी असतात. त्यांना लागण झाल्यामुळे उपचार न घेणाऱ्या काही रुग्णांत विसराळूपणा येतो. शिवाय नाजूक अस्तरातील पहारेकरी पेशी विषाणूला काखेतील, जांघेतील गाठींपर्यंत वाहून नेतात.

आता कोणत्या पेशी सुरक्षित, ते पाहा. रक्तातील तांबड्या पेशींत हा विषाणू वाढू शकत नाही. रक्तातून लागण होते ती रक्तद्रवातील विषाणू व बाधित पांढऱ्या पेशींमुळे. अखंड त्वचेच्या वरच्या थरातून त्याला वाट मिळत नाही. डासाच्या पोटात तर त्याच्या उपयोगाची पेशीच नाही. तो तिथे पचून जातो. म्हणून हस्तांदोलन, एकत्र जेवण, कपडे, डास यांपासून धोका नाही. धोका आहे तो असुरक्षित शरीरसंबंध, दूषित सुई व रक्त यांपासून, आणि बाधित मातेकडून बाळाला.

ही कुलपे किती महत्त्वाची, याचा पुरावा बर्लिनमध्ये मिळाला. टिमोथी रे ब्राऊन या बाधित गृहस्थांना रक्ताचा कर्करोग झाला. २००७ मध्ये ज्या दात्याच्या मूळ पेशी त्यांना दिल्या, त्याच्या पेशींवर सी.सी.आर.५ जन्मतःच नव्हते. ब्राऊन यांच्या शरीरात विषाणू पुन्हा वाढला नाही. मात्र ही शस्त्रक्रियेइतकीच जोखमीची चिकित्सा आहे; सर्वांसाठी नव्हे.

सर्वांसाठी आहेत त्या गोळ्या. त्या विषाणूची वाढ थांबवतात, परंतु काही टी-पेशींत तो निद्रिस्त दडून राहतो. तिथे औषध पोहोचूनही उपयोग नसतो. हा साठा आपोआप संपायला साठ-सत्तर वर्षे लागतील, असा शास्त्रज्ञांचा हिशोब आहे. “डॉक्टर, अंगात ताकद आली, गोळ्या बंद केल्या,” असे सांगणारे रुग्ण मला भेटतात. गोळी थांबली की बहुतेकांत काही आठवड्यांतच झोपलेला विषाणू जागा होतो. उलट नियमित गोळ्या घेऊन ज्याच्या रक्तात विषाणू सापडेनासा झाला आहे, त्याच्याकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

सरकारी केंद्रांत ही औषधे १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळू लागली, मुंबईचे जे. जे. रुग्णालय पहिल्या केंद्रांपैकी एक. चाचणीही मोफत व गोपनीय असते. दूषित सुई टोचली किंवा तसा प्रसंग घडला, तर ७२ तासांच्या आत, शक्यतो त्याच दिवशी, सरकारी रुग्णालय गाठावे. विषाणू शरीरात पक्के ठाणे मांडण्यापूर्वीच औषध द्यावे लागते. शंका असल्यास १०९७ या क्रमांकावर विनामूल्य विचारता येते.

घरात कोणी बाधित असेल तर त्याचे ताट वेगळे करू नका. त्याची गोळी मात्र रोज वेळेवर त्याच्या हाती द्या.