बालकांचा देहभारांक : एक अंक, अनेक अर्थ

कल्याण-कसारा मार्गावरील खडवली परिसरात एकाच सकाळी चिकित्सालयात दोन परस्परविरुद्ध तक्रारी येतात. एक माता म्हणते, मुलाच्या अंगाला काही लागत नाही. दुसरी म्हणते, मूल फार सुटले आहे. उभयतांना औषध हवे असते. अशा वेळी केवळ नजरेने निर्णय करणे योग्य नव्हे, असे आम्हांस वाटते.

देहभारांक म्हणजे किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा अंक. प्रौढांसाठी त्याच्या मर्यादा ठरलेल्या आहेत. परंतु औषधालयातील वजनकाट्याशेजारी लावलेला प्रौढांचा तक्ता मुलांना लावणे ही गंभीर चूक होय. १३० सें.मी. उंचीच्या, ३१.३ किलो वजनाच्या आठ वर्षांच्या मुलाचा अंक १८.५ येतो. १६५ सें.मी. उंचीच्या, ५०.४ किलो वजनाच्या पंधरा वर्षांच्या मुलाचाही तोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या मानकांनुसार आठव्या वर्षी मुलग्यांची अतिवजनाची मर्यादा १७.४, तर पंधराव्या वर्षी २२.७ आहे. म्हणजे पहिला अतिवजनाचा, दुसरा प्राकृत. मुलींचे तक्ते निराळे आहेत. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ मध्ये ५ ते १८ वर्षांसाठी वृद्धि-आलेख प्रसिद्ध केले. त्यांतील अतिवजन व स्थौल्याच्या रेषा प्रौढांच्या अनुक्रमे २३ व २७ या अंकांशी जुळविल्या आहेत.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल व अतिकृश या दोहोंस निंदित मानले आणि सममांसप्रमाण देहाची प्रशंसा केली. देहभारांक हे त्या परीक्षेचे साधन आहे, पर्याय नव्हे. मांस व मेद यांतील भेद तो सांगत नाही. अग्नि, बल, निद्रा, आहार यांची चौकशी वैद्यानेच करावयाची आहे.

पादत्राणे काढून, टाचा भिंतीला टेकवून उंची मोजावी; वय पूर्ण महिन्यांत लिहावे; अंक आलेखावर मांडून तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे. एका बिंदूपेक्षा रेषेची दिशा महत्त्वाची. स्थूल मुलाची उंची वाढत नसेल, किंवा कृश मुलास दीर्घकाळ ज्वर वा कास असेल, तर त्यास विनाविलंब तज्ज्ञांकडे पाठवावे. वाढत्या वयात उपवास, तीव्र शोधन वा लेखन करू नये. औषधविक्रेत्यांनीही वजन वाढविणारी वा घटविणारी चूर्णे वैद्याच्या सल्ल्याविना मुलांसाठी देऊ नयेत.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच झाला. त्याच्या फिरत्या पथकात आयुष वैद्य व औषधनिर्माता या दोघांनाही स्थान आहे. शाळेत जाणारे ते पथक वर्षातून एकदा येते. चिकित्सालय व औषधालय मात्र रोज उघडे असते. उंचीची पट्टी, विश्वसनीय काटा व मुलामुलींचे दोन स्वतंत्र आलेख एवढे साहित्य आपल्या सभासदांनी ठेवले, तरी पुष्कळ मुले अनावश्यक औषधांपासून वाचतील आणि खरोखर आजारी असलेली वेळेवर ओळखली जातील.