कमी सोन्यातला जादूगार

डहाणूजवळच्या घोलवडच्या पोरांनी डोटा या गेममध्ये जादूगारच का निवडले, हे सांगायचं तर आधी विजेचं सांगावं लागतं. २००५ नंतरची पाच-सहा वर्षं आठवा. भारनियमनाचं वेळापत्रक घराघरात तोंडपाठ होतं. डहाणूच्या औष्णिक केंद्रातली वीज मुंबईच्या उपनगरांकडे निघून जायची आणि आमच्याकडे संध्याकाळी मेणबत्त्या लागायच्या. गेम खेळायचा तर पॅसेंजरने डहाणू रोड गाठायचं, सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने मशीन घ्यायचं आणि मालकाचा इन्व्हर्टर किती वेळ टिकेल याचा अंदाज बांधून मॅच लावायची.

डोटा तेव्हा स्वतंत्र गेम नव्हता. ‘वॉरक्राफ्ट ३’ २००२ मध्ये आला, त्याची ‘फ्रोझन थ्रोन’ ही पुरवणी २००३ मध्ये. तिच्यावर चाहत्यांनी रचलेला हा एक नकाशा. पाचाविरुद्ध पाच, तीन लेन, समोरच्यांचा मुख्य गड पाडला की मॅच जिंकली. कॅफेतली मशीनं लॅनने एकमेकांना जोडलेली असायची, त्यामुळे इंटरनेट बंद असलं तरी काही अडायचं नाही. अडायचं ते विजेवाचून.

मॅच रंगली की पाऊण तासावर जायची. इन्व्हर्टर तेवढा टिकेलच याचा भरवसा नसे. त्यातून आमच्यात एक रीत पडली: जो हीरो चाळिसाव्या मिनिटाला राक्षस होतो, तो घ्यायचाच नाही. विसाव्या मिनिटाला जो भारी आहे, तो घ्यायचा. आणि विसाव्या मिनिटाला भारी असतो मेज, म्हणजे जादूगार.

त्याचं गणित सरळ आहे. ‘कॅरी’ हीरोचा मार त्याच्या सोन्याबरोबर वाढतो. तलवार घ्या, कुऱ्हाड घ्या, प्रत्येक खरेदीने घाव जड होतो. डोटातल्या जादूगाराचा मार मात्र मुख्यतः मंत्राच्या पातळीवर ठरलेला. लायन या जादूगाराचं ‘फिंगर ऑफ डेथ’ घ्या. सहाव्या लेव्हलला ते हाती येतं आणि ६०० चा मार करतं. जवळपास प्रत्येक हीरोला २५ टक्के जादूरोध जन्मजात असतो, म्हणजे प्रत्यक्षात ४५० लागतात. त्या वेळी समोरच्याचा जीव हजाराच्या आत-बाहेर असतो. एका कळीत निम्मा माणूस गारद. पुढे मंत्राची पातळी दोनदा वाढून मार ८५० वर थांबायचा, पण समोरच्याचा जीव वाढतच राहायचा. जादूगाराचा काळ हा असा मोजका. त्याची बिल्ड (आयटम नि मंत्रांची निवड) ठरवायची म्हणजे त्या काळात काय काय उरकून घ्यायचं हे ठरवायचं. माझ्या मते मेजबद्दल शिकण्यासारखी पहिली गोष्ट हीच, आणि आम्हाला ती इन्व्हर्टरमुळे लवकर कळली.

म्हणून लायन, लीना, झ्यूस, क्रिस्टल मेडन. पायात बूट, खिशात मॅजिक वाँड, बाकी पैसे टॉवर पाडण्यावर. नकाशावर नजर ठेवणारे वॉर्ड आणि सामान आणणारी कोंबडी यांचा खर्च सपोर्टच्या, म्हणजे मदतनीस हीरोच्या, माथी असायचा. जुन्या डोटात सामान वाहणारं जनावर खरोखर कोंबडीच होतं. जास्तीचे पैसे मोजले की त्याचा उडणारा कावळा व्हायचा. मॅच सुरू होताच पहिला आवाज यायचा, “कोंबडी कोण घेतंय?” आणि सगळ्यांच्या नजरा क्रिस्टल मेडनकडे वळायच्या. ती बहुधा सगळ्यांत लहान पोराच्या हाती दिलेली असे, कारण ती हळू चालते, लवकर मरते आणि तिला सोनं लागत नाही. पण तिचा ‘आर्केन ऑरा’ नकाशाच्या कुठल्याही कोपऱ्यातल्या साथीदाराला मॅना, म्हणजे मंत्रांसाठी लागणारी शक्ती, पुरवतो. ती नुसती जिवंत राहिली तरी चौघांच्या मंत्रांना बळ येतं. त्या लहान पोरांनी मागे उभं राहायला, नकाशाकडे बघत खेळायला तिथे शिकून घेतलं. चांगला मेज खेळणारे मी जे पाहिले, ते बहुतेक याच कोंबडीवाल्यांमधून आले.

मग इंटरनेट आलं आणि सगळं उलटलं. जुलै २०१३ मध्ये व्हॉल्वने ‘डोटा २’ अधिकृतपणे सगळ्यांसाठी खुला केला. आता समोरचा शेजारच्या खुर्चीवर नव्हता, सिंगापूरच्या सर्व्हरवर होता. मधे समुद्राखालची केबल, मधे गावातली तांब्याची तार. पिंग दीडशे मिलिसेकंदांवर, पावसाळ्यात त्याहून वर. म्हणजे बोटाने कळ दाबली आणि मंत्र सुटला यांत सेकंदाचा सहावा-सातवा हिस्सा निघून गेलेला.

इथून बिल्डचा हिशेब बदलला. लीनाचा ‘लाइट स्ट्राइक ॲरे’ जमिनीवर टाकावा लागतो आणि तो फुटायला अर्धा सेकंद लागतो. त्यात पिंगची भर पडली की शत्रू त्या वर्तुळातून निघून गेलेला असतो. याउलट लायनचा ‘हेक्स’ थेट माणसावर लागतो, नेम धरायचा प्रश्नच नाही. झ्यूसचा अल्टी, म्हणजे त्याचा सर्वांत मोठा मंत्र, तर नकाशावरच्या सगळ्या शत्रूंवर एकदम कोसळतो. ज्याच्या घरी लाइन खराब, त्याने निशाण्याचे नव्हे तर टिचकीचे मंत्र असलेला मेज घ्यावा, हा आमच्याकडचा शहाणपणा. युरोप-अमेरिकेत बसून लिहिलेल्या गाइडमध्ये तो सापडायचा नाही, कारण तिथे लिहिणाऱ्याचं पिंग तीसच्या आसपास. कुठल्याही गाइडमधली बिल्ड उचलण्याआधी ती कुणाच्या तारेवर घडली आहे हे बघावं, असं माझं तेव्हापासूनचं ठाम मत आहे.

तरीही इन्व्होकर या जादूगाराचा मोह कुणाला सुटला नाही. क्वास, वेक्स आणि एक्झॉर्ट हे तीन गोळे, त्यांतले कुठलेही तीन जुळवायचे, त्यातून दहा मंत्र. पोरांच्या वह्यांच्या शेवटच्या पानावर हे दहा जोड लिहिलेले असत: तीन वेक्स म्हणजे ईएमपी, तीन एक्झॉर्ट म्हणजे सनस्ट्राइक, प्रत्येकी एक म्हणजे डेफनिंग ब्लास्ट. बिल्डचे दोन पंथ होते. क्वास-वेक्सवाला टॉर्नेडोने शत्रू उचलतो आणि ईएमपीने त्याचा मॅना जाळतो. तो टोळीबरोबर फिरतो, लवकर भिडतो. एक्झॉर्टवाला मिड लेनवर पैसा जमवतो आणि दूरवरच्या लढाईत सनस्ट्राइकने डोकं वर काढतो.

एक्झॉर्टवाल्यांची खरी कमाल युलच्या राजदंडात होती. हा आयटम शत्रूला अडीच सेकंद हवेत गरगर फिरवतो. तेवढा वेळ त्याला काही लागत नाही, पण तो हलूही शकत नाही. सनस्ट्राइक दाबल्यापासून जमिनीवर आदळायला १.७ सेकंद. म्हणजे उचलल्यावर ०.८ सेकंदाने सनस्ट्राइक सोडायचा. केऑस मीटिऑर १.३ सेकंदांनी पडतो, म्हणून तो १.२ सेकंदाने. शत्रूचे पाय जमिनीला टेकतात आणि डोक्यावर सूर्य नि उल्का एकदम. हा झाला कागदावरचा हिशेब. घोलवडहून खेळताना प्रत्येक आकड्यातून आपलं पिंग वजा करायचं, तेही दर मिनिटाला बदलणारं. त्या उसळत्या तारेवर ज्यांनी ही वेळ बोटांत बसवली, त्यांचं कौतुक मला आजही वाटतं. पुढे भारतातला सर्व्हर आला आणि हे वजाबाकीचं ओझं बरंच उतरलं.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि खेळ कॅफेतून चिकूच्या वाडीत आला. दुपारी वखारीच्या सावलीत पाच पोरं पाच मोबाइल घेऊन ‘मोबाइल लेजेंड्स’ हा डोटासारखाच गेम खेळत बसलेली दिसायची. फोन तापायचा, गुजरात हाकेवर असल्याने कधी पलीकडचा टॉवर पकडायचा. पण मॅच पंधरा-वीस मिनिटांत आटपायची, त्यामुळे बॅटरी पुरायची. इथला मेज वेगळा. या गेममध्ये आयटमने जादूचा मार वाढतो, म्हणून जादूगारालाही पैसा लागतो. ‘क्लॉक ऑफ डेस्टिनी’ काळाबरोबर फुलतं, म्हणून ते लवकर घ्यायचं; ‘होली क्रिस्टल’ महाग, ते शेवटी. यूडोरासारखी एका दमात माणूस उडवणारी मेज गवतात दबा धरून बसायची. डोटात मागे उभं राहायला शिकलेल्यांना हे दबा धरणं जड गेलं. मोबाइलवरच वाढलेल्या पोरांना ते सहज जमलं.

२९ जून २०२० ला केंद्र सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात टिकटॉकबरोबर ‘मोबाइल लेजेंड्स’ही गेलं. सप्टेंबरच्या यादीत त्याच जातीचं ‘अरेना ऑफ व्हॅलर’ गेलं, बंदुकांचं पबजीही गेलं. पबजी २०२१ मध्ये बीजीएमआय या नावाने परतलं. जादूगारांचे गेम परतले नाहीत. त्यामागची राजकीय कारणं मला मान्य आहेत. पण एक पिढी मंत्रांकडून बंदुकीकडे वळली आणि मेज खेळण्याची मोबाइलवर नुकती कुठे रुजलेली समज मधेच तुटली, याचं वाईट वाटतं.

पीसीवरचा डोटा मात्र टिकला. एप्रिल २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये ‘ईएसएल वन मुंबई’ ही डोटा २ ची स्पर्धा भरली. डहाणू रोडची लोकल २०१३ पासून सुरूच होती. विरारला बदलून महालक्ष्मीला उतरलं की परदेशातले संघ डोळ्यांसमोर खेळताना बघता येत होते. ऑगस्ट २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला पहिल्या राष्ट्रकुल ई-स्पोर्ट्स स्पर्धेत मोईन एजाजच्या नेतृत्वाखालच्या भारतीय संघाने डोटा २ मध्ये न्यूझीलंडला हरवून ब्राँझ जिंकलं.

दरम्यान मेजचं दारिद्र्यही सरत गेलं. डिसेंबर २०१६ च्या ७.०० या अपडेटमध्ये टॅलेंट, म्हणजे लेव्हलबरोबर मिळणारे जादा गुण, आले. नोव्हेंबर २०१९ च्या ७.२३ ने प्रत्येकाला स्वतःचा कुरिअर दिला आणि कोंबडीचा वाद संपला. ऑब्झर्व्हर वॉर्डही फुकट झाले. एप्रिल २०२३ च्या ७.३३ मध्ये ब्लॅक किंग बारची तटबंदी सैल झाली. आधी तो आयटम चालू असेपर्यंत जादूचा मार अंगाला शिवायचाही नाही. तो संपेस्तोवर हात राखून थांबणं हीच मेजची कसोटी होती. आता माराचा काही भाग आत शिरतो. माझ्यासारख्या जुन्या माणसाला अजून थांबायची सवय आहे. नवी मुलं बेधडक मारत सुटतात, आणि नव्या नियमात पुष्कळदा तीच बरोबर ठरतात.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैशांच्या खेळांवर बंदी आली आणि ई-स्पोर्ट्सना कायद्याने मान्यता मिळाली. बोर्डीच्या किनाऱ्यावर २०१३ पासून चिकू महोत्सव भरत आला आहे. तिथे वारली चित्रं असतात, चिकूचे पदार्थ असतात. त्यातच एका मांडवात दहा मशीनं लॅनने जोडावीत, जनरेटर लावावा आणि डहाणू-तलासरीच्या शाळा-कॉलेजांचे संघ बोलवावेत, अशी माझी आयोजकांना मनापासून विनंती आहे. ज्यांनी आजवर लाइन खराब म्हणून लायन निवडला, त्यांना तिथे इन्व्होकर घेता येईल.