डबा माझा, भूक तिची

मैत्रिणींनो, साउथ इंडियन म्हटलं की आपल्याला काय आठवतं? कुरकुरीत डोसा आणि मुलांचा हट्ट! माझंही तसंच होतं. पण शिर्डीच्या गल्लीतल्या चार टेबलांच्या एका मेसने माझी समजूत पार बदलली.

आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात घरोघरी ज्वारीची भाकरी. शिर्डीत मात्र तेलुगू, तमिळ पाट्याही दिसतात. साईनगर शिर्डी स्टेशन २००९ मध्ये सुरू झालं आणि आंध्रातल्या काकीनाड्याहूनही थेट गाडी येऊ लागली. या भाविकांना रोज लागतो तो भात, म्हणून तशा मेसही आल्या.

गेल्या पावसाळ्यात दर्शनाला आलेले एक तेलुगू गृहस्थ अचानक आजारी पडले. दवाखान्यात सोबत फक्त बायको. तिला मराठी येईना, हिंदी जेमतेम. पेशंटच्या नातेवाइकांना मदत करायला आम्ही काहीजणी जातो. मी हौसेने डबा नेला. भाकरी, पिठलं, ठेचा. तिने हात जोडले, पण घास काही उतरेना. दुसऱ्या दिवशीही डबा तसाच परत. खरं सांगते, मला रागच आला. एवढं करून न्यायचं आणि वर हिचे नखरे!

घरी डबा रिकामा करताना एकदम आठवलं. भावाच्या ऑपरेशनसाठी आम्ही चेन्नईत होतो, तेव्हा पाचव्या दिवशी समोर इडली आली आणि मला रडूच कोसळलं. भाकरीच्या तुकड्यासाठी जीव कासावीस झाला होता. ते काय नखरे होते?

तिसऱ्या दिवशी डबा न नेता तिलाच त्या मेसमध्ये घेऊन गेले. स्टीलच्या ताटात वाफाळता भात, त्यावर चारू. चारू म्हणजे त्यांचं रसम. चिंचेचा कोळ, मिरी-जिरं, मोहरी-कढीपत्त्याची फोडणी. आपल्या साराचं भावंडच म्हणा ना! शेवटी पेरुगन्नम, म्हणजे दहीभात, आणि लोणच्याची फोड. पहिल्या घासालाच तिचे डोळे भरून आले. भात तिने पुन्हा मागून घेतला. पोटात अन्न गेलं तशी ती बोलू लागली. मेसचे मालक आमचे दुभाषी झाले. तेव्हा कुठे कळलं, पैसे संपत आले होते आणि घरचे घाबरतील म्हणून तिने गावी कळवलंच नव्हतं. तिथूनच तिच्या दिराला फोन लावला. दोन दिवसांत तो येऊन पोहोचला.

मदत करताना आपण आपल्या आवडीचं ताट दुसऱ्यापुढे सरकवतो आणि त्याने ते गोड मानून घ्यावं अशी अपेक्षा धरतो. त्याआधी एवढं विचारायला काय हरकत आहे, "तुला काय खावंसं वाटतंय गं?"

मेसमधून निघताना तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "अक्का." त्याला मात्र दुभाष्या लागला नाही.