सूरपारंबीतला दुसरा सूर

आपल्या वसतिगृहात राहून गेलेल्या बहुतेकांनी सूरपारंबी खेळलेली आहे. रिंगणातली काठी लांब फेकायची, राज्य असलेल्या गड्याने ती आणून ठेवेपर्यंत बाकीच्यांनी झाडावर चढायचे आणि तो शिवायला आला की पारंबीला लोंबकळत खाली सूर मारायचा. या खेळातला ‘सूर’ म्हणजे उडी. परंतु झाडावर आणखी एक सूर असतो. खेळ थांबवून स्वस्थ बसल्याशिवाय तो कानी पडत नाही.

त्याची ओळख मला एका विद्यार्थ्याने करून दिली. माझ्या नोकरीची पहिली वर्षे होती. पाचवीत नव्याने दाखल झालेला एक मुलगा संध्याकाळच्या हजेरीला रोज उशिरा येई. एकदा शोधत गेलो, तर तो मैदानाकडेच्या चिंचेवर बसलेला. मी रागावून खाली उतरवले. तेव्हा तो हळूच म्हणाला, “सर, वर बसलं की गाडीची शिटी ऐकू येते. ती गाडी आमच्या गावावरून जाते.” मैदानात उभे राहून मी ती शिटी कधी ऐकली नव्हती, मला ती सबब वाटली. दुसऱ्या दिवशी मीच चिंचेवर चढून बसलो. मुलगा खरे बोलत होता.

याचे कारण साधे आहे. जमिनीलगतचे गवत, भुसभुशीत माती व झुडपे आवाज शोषून घेतात. भिंती तो अडवतात. उंचावर हे अडथळे कमी होतात. शिवाय सूर्यास्तानंतर जमिनीजवळची हवा लवकर थंड होते आणि वरची हवा त्या मानाने उबदार राहते. थंड हवेत आवाजाचा वेग थोडा कमी असतो. त्यामुळे वर निघालेला आवाज अशा वेळी पुन्हा खाली वळतो व दूरवर पोहोचतो. पहाटेही असेच घडते. कित्येक पक्षी पहाटे उंच शेंड्यावर बसून गातात, त्यांनाही या स्थितीचा लाभ मिळतो.

प्रत्येक झाडाचा आवाजही निराळा असतो. पिंपळाच्या पानाचा देठ लांब व लवचीक असल्याने किंचित झुळुकीनेही पाने एकमेकांवर आपटतात. अमरकोशात पिंपळाला ‘बोधिद्रुम’ आणि ‘चलदल’, म्हणजे हलत्या पानांचा, अशी दोन नावे लागोपाठ दिली आहेत. तथागतांच्या ज्ञानप्राप्तीची आठवण आणि पानांची सळसळ, या दोन्ही खुणा कोशकाराने शेजारी ठेवल्या. कोकण किनाऱ्यावरचे सुरूचे झाड मात्र सळसळत नाही, ते गुणगुणते. त्याच्या सुईसारख्या काड्यांमागे वाऱ्याचे बारीक भोवरे तयार होतात. वारा वाढला की तो स्वर चढतो.

लय शिकायची असेल तर तांबट पक्ष्याइतका चांगला गुरू नाही. भांड्यावर हातोडी पडावी तसे त्याचे ‘टुक् टुक्’ मिनिटाला शंभराहून अधिक वेळा, एकाच अंतराने चालते. बोलताना तो मान फिरवतो, म्हणून तो नेमका कोठे आहे हे लवकर उमगत नाही.

आज मुले झाडावरही इअरफोन लावून बसतात. गाणे ऐकण्याला माझा विरोध नाही. मात्र गाण्याआधी ऐकणे यावे लागते. कुमार गंधर्व क्षयाच्या आजारात देवासला अंथरुणाला खिळले होते, तेव्हा त्यांचे गाणे बंद होते, ऐकणे चालू होते. तेथे कानी पडलेली माळव्याची लोकगीते पुढे त्यांच्या गायनात उतरली. झाडावर तर इअरफोन नको, याला दुसरेही कारण आहे. फांदी मोडण्यापूर्वी बहुधा करकरते; बंद कानांना तो इशारा ऐकू येत नाही. जांभूळ, शेवगा, पांगारा यांची फांदी ठिसूळ, चिंचेची चिवट. पावसात बुंधा निसरडा होतो, तेव्हा चढू नये. मोहोळ असेल तर त्या झाडाच्या वाटेला जाऊ नये. वाळक्या फांदीवर भार टाकू नये, आणि दोन्ही हात एकदम सोडू नयेत.

त्या मुलाला मी हजेरीत पंधरा मिनिटांची सवलत दिली. पहिले काही दिवस तो शिटीसाठीच चढत असे. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी विचारले, “गाडी गेली का रे?” तो म्हणाला, “लक्ष नव्हतं सर. ढोलीतले पिंगळे बाहेर आले होते, ते किती भांडतात!” त्या दिवशी तो खऱ्या अर्थाने आपल्या वसतिगृहाचा झाला, असे मला वाटते.

पालकांना एवढीच विनंती आहे. आपले मूल झाडावर चढू लागले तर लगेच खाली ओढू नका. फांदी पारखून द्या, बुंध्यापाशी उभे राहा आणि थोडा वेळ काहीही बोलू नका. ते खाली उतरले की वर काय ऐकले, हे मात्र अवश्य विचारा.