निवळ पाणी आणि विरघळलेले क्षार

घरातील वडीलधाऱ्यांना पाणी देताना तांब्याच्या तळाशी गाळ दिसला नाही, की आपण निश्चिंत होतो. परंतु पिण्याचे पाणी हे एक मिश्रण असते, आणि मिश्रणाचा प्रकार ओळखल्याशिवाय त्याच्या शुद्धीकरणाचा उपाय ठरत नाही.

अशा मिश्रणांचे तीन प्रकार कणांच्या आकारावरून ओळखता येतात. पावसाळ्यातील नदीचे गढूळ पाणी हे निलंबन. त्यातील मोठे कण काही वेळाने तळाशी बसतात, दुपदरी फडक्यातही अडकतात. दूध हे कलिल. त्याचे कण इतके सूक्ष्म, की ते खाली बसत नाहीत आणि फडक्यातून निसटतात. पाण्यातील अतिसूक्ष्म मातीही अशीच असते. तुरटी फिरवल्यावर तिचे कण एकत्र येऊन तळाशी बसतात. मिठाचे पाणी हे द्रावण. त्यातील मीठ दिसत नाही, गाळून अथवा तुरटीने निघतही नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यात हा भेद विशेष महत्त्वाचा आहे. भंडारदरा धरण 1926 मध्ये पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांवर उसाचे मळे बहरले. मात्र अतिसिंचन व अपुरा निचरा यांमुळे खालच्या भागातील काही जमिनी क्षारपड झाल्या आणि कित्येक विहिरींचे पाणी खारावले. असे पाणी निवळशंख असू शकते. खतांतून उतरणाऱ्या नायट्रेटला तर चवही नसते.

पाणी उकळल्याने जंतू मरतात, काही चुना भांड्याला पुट होऊन बसतो. मीठ व नायट्रेट मात्र पाण्यातच राहतात. रक्तदाब, हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांचे मीठ कमी केले आहे, त्यांच्या पाण्याचाही विचार व्हावा. भारतीय मानकानुसार एका लिटरमध्ये विरघळलेले एकूण क्षार 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोत नसल्यास मर्यादा 2000. नायट्रेटसाठी ती 45 आहे, तीत सवलत नाही. म्हणून विहीर वा कूपनलिकेच्या पाण्याची रासायनिक तपासणी करून घ्यावी आणि अहवाल डॉक्टरांना दाखवावा.

औषधाच्या बाटलीलाही हाच न्याय लागू आहे. ‘वापरण्यापूर्वी हलवा’ असे लिहिलेले औषध बहुधा निलंबन असते. न हलवता दिल्यास सुरुवातीची मात्रा सौम्य आणि शेवटची तीव्र होते. तेव्हा चमचा भरण्यापूर्वी बाटली नीट हलवावी.