तीन अक्षरे, सहा संकेतांक

रिलेशनल डेटाबेस, म्हणजे परस्परांशी जोडलेल्या तक्त्यांत माहिती ठेवणारी व्यवस्था, पायथनच्या प्रोग्रामला जोडला की बिघाड बहुधा दोहोंच्या सांध्यावर उद्भवतो. आणि त्यातही चूक सांगणारा संदेश देऊन थांबणारा बिघाड परवडतो, पण काहीच न बोलणारा बिघाड शोधण्यात दिवस जातो. २००६ सालच्या २.५ आवृत्तीपासून पायथनसोबतच मिळणाऱ्या, एसक्यूलाइट या अशाच डेटाबेसच्या जोडणीत हे दोन्ही प्रकार जवळून पाहता येतात.

नवशिक्याची पहिली तक्रार ठरलेली असते: नोंद घातली, लगेच वाचली तेव्हा दिसली, परंतु प्रोग्राम पुन्हा चालवताच तक्ता जागेवर आणि नोंद नाहीशी. नोंद घालण्याची आज्ञा येताच ही जोडणी स्वतःहून एक ट्रॅन्झॅक्शन, म्हणजे एकत्रच मान्य किंवा रद्द होणारा बदलांचा गट, उघडते, आणि ‘कमिट’ची आज्ञा देऊन तो कायम केला नाही तर जोडणी बंद होताना तो रद्द होतो, तक्ता तयार करण्याच्या आज्ञेला मात्र असे ट्रॅन्झॅक्शन उघडले जात नसल्यामुळे तक्ता शाबूत राहतो. उघड्या राहिलेल्या याच ट्रॅन्झॅक्शनमुळे लिहू पाहणारा दुसरा प्रोग्राम पाच सेकंद वाट पाहून ‘डेटाबेस लॉक आहे’ असे सांगतो, तेव्हा प्रतीक्षेची मुदत वाढवणे हा उपाय नसून टाळाटाळ होय.

क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात, मूल्याच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवून मूल्य वेगळे पाठवणे हीच सुरक्षित रीत. मात्र ते मूल्य सहसा टपलमध्ये, म्हणजे कंसातील यादीत, दिले जाते, आणि एकाच मूल्याच्या कंसात शेवटचा स्वल्पविराम राहून गेला तर पायथन त्याला यादी न मानता नुसता शब्द मानतो. मग ‘कऱ्हाड’ हे गाव शोधणाऱ्याला संदेश मिळतो की जागा एक आणि मूल्ये सहा. डोळ्यांना तीनच अक्षरे दिसत असली तरी क, ऱ, हलन्त, ह, काना आणि ड असे सहा युनिकोड संकेतांक तेथे असतात, आणि प्रत्येक संकेतांक वेगळे मूल्य म्हणून मोजला जातो.

कधी हाच आकडा सात येतो, आणि तो दुर्लक्षून नुसता स्वल्पविराम घालणाऱ्याच्या हातून खरा धागा निसटतो. अर्धा ऱ हा र, नुक्ता आणि हलन्त असा सुटा, किंवा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह असाही लिहिला जातो. पडद्यावर शब्द तोच, पण एसक्यूलाइट सामान्यतः बाइटशी बाइट ताडत असल्याने, नोंद असूनही क्वेरी निमूटपणे शून्य ओळी परत करते. युनिकोडच्या एनएफसी या प्रमाणरूपात मजकूर आणला की नुक्ता जुळतो, जोडचिन्ह जुळत नाही. ते वेगळे बदलावे लागते, आणि तेही मजकूर साठवताना व शोधताना दोन्ही वेळा. जुन्या नोंदी दुरुस्त करताना त्या स्तंभावर एका मूल्याची एकच नोंद असावी असे बंधन असेल, तर दोन कऱ्हाड समोरासमोर येऊन आज्ञा अडते, आणि कोणती नोंद राखायची हे तक्त्याच्या जाणकारालाच ठरवावे लागते.